दगडातले जोडे

धाकलू चांभाराला माणसाचा चेहरा लवकर आठवत नसे, जोडा आठवत असे. कर्जत स्टेशनाबाहेर उंबराखाली बसल्या बसल्या तो येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पायांकडे बघे आणि मान वर न करता सांगे, हा गार्ड, हा फायरमन, हा नेरळचा घोडेवाला. घाट चढायला गाडीला कर्जतला जादा इंजिन लावत. त्या इंजिनांवर काम करणाऱ्यांच्या बुटांना निखारे पडून पुढच्या अंगाला भोकं पडत. असे बूट शिवणं हे धाकलूचं रोजचं काम होतं. ठिगळ कुठे संपलं आणि मूळ चामडं कुठे सुरू झालं ते हात फिरवूनही कळू नये, असं तो शिवत असे.

हे कसब त्याच्या बापाचं. घाटात रेल्वेचं काम चालू होतं तेव्हा बाप तिथे पखाली आणि लोहारांचे भाते शिवायला होता. पुढे गाड्या सुरू झाल्या, घाटावरची माणसं पांगली आणि बाप-लेक पळसशेतला परत आले. पळसशेत हे खालापूरच्या वाटेवरचं भातशेतीचं गाव. गावाच्या शिवेबाहेर त्यांचं एक छप्पर होतं. बाप गेला, धाकलूचं लग्न झालं. बायको मंगळी घरामागे हिरड्याच्या पाण्यात कातडी भिजत घाली. गावात तिला आणि त्याला उंबरठ्याच्या आत कोणी घेत नसे. दिलेला जोडासुद्धा गावकरी आधी पाणी शिंपडून मग उचलत. तेव्हाचा रिवाज तसा होता आणि धाकलू त्यावर काही बोलत नसे.

हिवाळ्यात तो नेरळला जाई. माथेरानला साहेबलोक घोड्यावरून चढत, त्यामुळे खोगिरांची आणि लगामांची कामं पुष्कळ असत. अशाच एका हिवाळ्यात तिथे घोडे विकायला काबूलकडचे व्यापारी आले. त्यांतला एक म्हातारा काबूलच्याही पलीकडचा, बुखाऱ्याच्या बाजूचा होता. त्याच्या पायात गुडघ्याखालपर्यंत येणारे मऊ जोडे होते आणि त्यातल्या एकाची शिवण उसवली होती. धाकलूने तो जोडा हातात घेतला आणि घटकाभर नुसता फिरवून बघत राहिला. जोड्याला टाच नव्हती. तळवा पातळ होता. आत लोकरीचा नमदा भरला होता. पावलावरून निघालेला एक पट्टा तळव्याखालून जाऊन घोट्यावर आवळला होता. आणि शिवण फक्त बाहेरच्या अंगाला होती.

"आतून सोपं पडंल," धाकलू म्हणाला. "तिकडून शिवू?"

म्हाताऱ्याने जोरात मान हलवली. मोडक्यातोडक्या हिंदीत तो म्हणाला, "अंदर घोडा है. अंदर सिलाई नहीं."

धाकलूच्या लक्षात आलं. आतल्या अंगाने पाय दिवसभर घोड्याच्या बरगडीला घासतो. तिथे शिवण असली तर घोड्याला जखम आणि जोड्याचाही नाश. हा जोडा चालायचा नव्हताच, बसायचा होता. त्याने तो म्हाताऱ्याला हवा तसा शिवून दिला. घरी आल्यावर मंगळीला दोन दिवस तेच सांगत होता.

त्यानंतर चार-पाच वर्षांनी, १८८१च्या चैत्रात, पळसशेतच्या लोकांनी शिवेवरचं गावचं तळं खोल करायला घेतलं. पाणी पार आटलं होतं. खणता खणता नामा पाथरवटाची पहार दगडावर वाजली आणि गाळात पालथी पडलेली एक मूर्ती निघाली. दोर लावून ती काठावर ओढली. काळ्या दगडाची, पुरुषभर उंचीपेक्षा थोडी कमी. डोकं नव्हतं, दोन्ही हात कोपरापासून तुटलेले. अंगात गुडघ्याखालपर्यंतचा घोळदार अंगरखा आणि कमरेला पट्ट्यात अडकवलेली लांब तलवार. लोकांनी हात जोडले. गुरव धावत जाऊन तेल-शेंदूर घेऊन आला. बायकांनी घागरी ओतून मूर्ती धुवायला सुरुवात केली.

गाळ पायांपर्यंत उतरला तेव्हा बायकांनी घागरी खाली ठेवल्या. मूर्तीच्या पायांत जोडे होते.

"द्येवाच्या पायात चामडं?" गुरव म्हणाला आणि शेंदराची वाटी घेऊन दोन पावलं मागे सरला.

कोंडाजी पाटील तिथेच उभे होते. पाटील करारी होते आणि कुठलीही गोष्ट फार वेळ अधांतरी राहू देत नसत. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "नामा, छिन्नी आन. त्ये जोडे तासून काढ. बोटं कोर, पाऊल दिसू दे. मंग बसवू."

धाकलू त्या वेळी गुरवाच्या ढोलाची वादी द्यायला आला होता आणि रिवाजाप्रमाणे लांब उभा होता. तिथूनही त्याला ते जोडे दिसले. टाच नसलेले, बाहेरच्या बाजूला वळलेले, पावलावर पट्टा. नेरळला हातात घेतला होता तोच जोडा, फक्त दगडाचा. नामाने छिन्नी टेकली आणि हातोडी उचलली.

"थांब!" धाकलू ओरडला.

तळ्यावरची सगळी माणसं त्याच्याकडे वळली. गावाच्या कामात त्याने तोंड उघडल्याचं कोणी कधी पाहिलं नव्हतं.

"काय रं धाकल्या?" पाटील म्हणाले.

 हे जोडे चांगले केलेत, ते मोडू नका, एवढंच त्याला म्हणायचं होतं. पण ते ऐकून कोणी थांबलं नसतं.

"पाटील," तो म्हणाला, "वेताळाच्या पायात जोडं असत्यात. रातचा गावाभवती फिरतो ना त्यो. तळकोकणात लोक त्येला जोडं वाहत्यात, झिजलं की नवं. मी बापाकडून आयकलंय."

वेताळाचं नाव निघताच नामाने छिन्नी काढून घेतली. गुरवही म्हणाला की ते खरं आहे, त्याच्या आजोळी तसं आहे. शिवेवर उभा राहून गाव राखणारा देव, तलवार कमरेला, पायात जोडे. सगळं जुळत होतं. पाटलांनी मूर्तीकडे एकदा नीट पाहिलं.

"मंग हितं शिवेवरच उभा करा," ते म्हणाले. "आनि धाकल्या, दर चैत्री पुनवेला वेताळाचं जोडं तू करायचं."

त्या संध्याकाळी धाकलूने मंगळीला झालेलं सगळं सांगितलं. ती भाकरी थापता थापता थांबली.

"अवो, द्येवाच्या नावावर खोटं बोललात?"

"वेताळ जोडं घालतो ह्ये खोटं नाय."

"पन ह्यो वेताळ हाय का?"

"त्ये मला ठाव नाय," धाकलू म्हणाला.

वेताळ शिवेवर उघड्यावर उभा राहिला, त्यामुळे धाकलूला त्याच्याजवळ जाता येऊ लागलं. चैत्री पुनवेला तो हातभर लांबीच्या, लाल दोऱ्याने शिवलेल्या वहाणा करून आणी. ढोल वाजत, नाव घेऊन त्याला बोलावत आणि तो स्वतःच्या हाताने त्या मूर्तीपुढे ठेवी. गावातल्या कोणाच्याही जोड्यापेक्षा त्यांचं काम सरस असे. ठेवून झाल्यावर मूर्तीच्या पायाशी तो थोडा जास्तच वेळ वाकलेला राही. लोकांना वाटे, नमस्कार करतोय. तो नमस्कार करीतही असे, पण बघतही असे. मूर्ती घडवणाऱ्याने डाव्या पायाच्या पट्ट्याचं टोक लोंबतं सोडलं होतं, आवळून उरतं तसं. घोट्यावर चामडं दुमडून तीन वळ्या पडल्या होत्या. शिवण बाहेरच्याच अंगाला कोरली होती. दगड घडवणाऱ्याने हा माणूस समोर बघितलेला आहे, याबद्दल धाकलूची खात्री होती.

मंगळीला तो मान आवडला. पहिल्या वर्षीची तिची कुरकुर पुढे राहिली नाही. आठ वर्षं असं चाललं. वेताळाला नवस बोलले जाऊ लागले. चोरीला गेलेला एक बैल सापडला, त्याचं श्रेयही वेताळालाच मिळालं.

१८८९च्या माघात मुंबईहून सखारामपंत नावाचे गृहस्थ आले. जुन्या लेण्यांतल्या मूर्तींची चित्रं काढायची आणि शिलालेखांचे ठसे घ्यायचे, हे त्यांचं काम. कर्जतजवळची कोंढाण्याची लेणी पाहायला आले असताना कोणीतरी त्यांना पळसशेतच्या बिनडोक्याच्या वेताळाबद्दल सांगितलं. ते बैलगाडीने आले, मूर्तीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि डोक्यावरची पगडी काढून हातात घेऊन तसेच उभे राहिले.

अंगरख्याच्या खालच्या काठावर त्यांना अक्षरं दिसली. गावाने आठ वर्षं ती नक्षी समजली होती. सखारामपंतांनी ओला कागद त्यावर बसवला, ब्रशाने ठोकला आणि वाळवला. मग उन्हात धरून वाचायचा प्रयत्न केला. बरीचशी अक्षरं उडाली होती.

"पाटील, हा देव नसावा," ते म्हणाले. "इथे 'खतपस' असं वाचता येतंय. म्हणजे क्षत्रपाचा. शके अमुक, शके तमुक असं पंचांगात म्हणतो ना आपण? तसे शक नावाचे लोक होते, त्यांचे राजे स्वतःला क्षत्रप म्हणवत. काबूलच्याही उत्तरेकडून आलेले. सतराशे-अठराशे वर्षांपूर्वी त्यांचं राज्य या कोकणापर्यंत होतं. त्यांचाच कोणी राजा असेल, असा माझा अंदाज आहे. ही मूर्ती मुंबईच्या संग्रहात न्यायला हवी. इथे उन्हापावसात ती अक्षरं आणखी जातील."

पाटलांचा चेहरा उतरला, पण आवाज बदलला नाही. "त्यो आमचा वेताळ हाय. वेताळ हलवला तर गावाचं बरं व्हईल का?"

"वेताळ आहे हे कोणी सांगितलं तुम्हाला?"

"धाकल्यानं. जोडं बघून."

धाकलूला बोलावणं गेलं. तो आला तेव्हा सखारामपंत मूर्तीसमोर घडीच्या स्टुलावर बसून कागदावर तिचं चित्र काढत होते. पाटील, गुरव आणि दहा-वीस माणसं भोवती उभी होती. काय विचारतील ते धाकलूला वाटेतच कळलं होतं. वेताळच आहे असं म्हटलं की झालं. मूर्ती राहील, ढोल वाजेल, मान राहील. त्याने तसं म्हणायचं मनाशी ठरवलंही होतं.

मग त्याची नजर चित्रावर गेली. सखारामपंतांचा हात चांगला होता. अंगरखा, तलवार, पट्टा हुबेहूब. पण जोड्यांना त्यांनी टाच काढली होती आणि शिवण आतल्या बाजूला घेतली होती. साहेबाच्या बुटाला असते तशी.

"धाकलू तूच ना?" सखारामपंत म्हणाले. "हा वेताळ आहे असं तू कशावरून म्हणालास?"

"तिथं टाच नाय," धाकलू म्हणाला.

"काय?"

"रावसाब, चितरात टाच काढलीया. दगडात नाय बघा. आनि शिवन आतून नाय, भायेरनं हाय."

सखारामपंत उठून मूर्तीपाशी गेले, गुडघे टेकून बसले आणि बोट फिरवून पाहिलं. "खरंच की," ते म्हणाले. "पण असं का?"

आता थांबणं धाकलूला जमलं नाही. पुढे येऊन, मूर्तीला हात न लावता, बोटाने दाखवत तो सांगत गेला. हा जोडा चालायचा नाही, घोड्यावर बसायचा आहे. आत घोडा असतो म्हणून शिवण बाहेर. इतक्या वळ्या पडतात म्हणजे आत जाड नमदा आहे, म्हणजे मुलूख थंड. हा पट्टा तळव्याखालून गेला आहे, कारण टाच नसलेला मऊ जोडा त्याशिवाय पायात टिकत नाही. असा जोडा त्याने नेरळला बुखाऱ्याकडच्या माणसाच्या पायातून काढून शिवला आहे. सखारामपंत भराभर लिहून घेत होते. मध्ये त्यांनी वर पाहून विचारलं, "कुठल्या बाजूचा म्हणालास?" आणि धाकलूने पुन्हा सांगितलं, "बुखारा. काबूलच्या पल्याड."

त्याचं सांगून झालं. मग पाटील पुढे आले.

"म्हंजे तुला तवाच ठाव हुतं? ह्यो घोड्यावरचा परमुलखातला मानूस हाय म्हनून?"

"जोडं कुटलं हाय त्ये ठाव हुतं, जी."

"मंग वेताळ का म्हनलास?"

धाकलूने मान खाली घातली. "नामाची छिन्नी जोड्यावर टेकली हुती, पाटील. मला दुसरं कायबी सुचलं नाय."

पाटील त्याच्याकडे बघत राहिले. रागावून ओरडले असते तर धाकलूला बरं वाटलं असतं. ते ओरडले नाहीत. सखारामपंतांकडे वळून म्हणाले, "खालापूरच्या कचेरीचा कागद आना आनि घेऊन जावा तुमचा राजा." आणि निघून गेले.

त्या चैत्रात ढोल वाजला नाही. धाकलूला कोणी जोडे करायला सांगितलं नाही, आणि त्यानेही केले नाहीत. मंगळी विहिरीच्या वाटेवर बायकांची बोलणी ऐकून येई आणि घरात कातड्यांवर राग काढी. "गप बसला असता तर काय बिघडलं असतं?" एकदा तिने विचारलं. धाकलू म्हणाला, "त्यो चुकीचा जोडा काढत हुता गं." तिला ते पटलं नाही.

सखारामपंतांनी मात्र त्याच्याकडे एक काम दिलं होतं. मूर्तीच्या पायात आहेत तसे खरे जोडे करून हवे होते. धाकलूने दोरीने दगडी पावलांची मापं घेतली, सागाचा साचा स्वतः तासला, नमद्याऐवजी धनगरांकडच्या जाड घोंगडीचा तुकडा भरला. बकऱ्याचं कातडं दोनदा कमावलं. पहिली जोडी घोट्यावर नीट वळेना, म्हणून ती उसवून टाकली. दुसऱ्या जोडीला तीन वळ्या पडल्या, दगडात होत्या तिथेच. ते जोडे घालून तो नेरळला एका ओळखीच्या तट्टावर बसूनही आला, शिवण घासते का ते बघायला. घासली नाही.

पावसाळा संपल्यावर कागद आला आणि पाठोपाठ मुंबईहून दोन माणसं. गावातलं कोणी मूर्तीला हात लावायला पुढे होईना. वेताळ नाही म्हटलं तरी आठ वर्षं त्याला नारळ फोडले होते. शेवटी पाटलांनी निरोप पाठवला की धाकल्याला सांगा, त्याने सुरू केलं, त्यानेच संपवावं.

धाकलू आणि नामा दोघं गेले. मुंबईची माणसं मूर्ती तशीच पेंढ्यावर टाकून नेणार होती. धाकलूने ऐकलं नाही. त्याने घरून जुनी पखाल फाडून आणली, पावलांभोवती आधी पेंढा, मग घोंगडी, मग ते कातडं गुंडाळून वाद्यांनी आवळलं. लोंबत्या पट्ट्याच्या टोकाला त्याने वेगळी गादी केली, कारण तुटलं तर तेच आधी तुटणार होतं. दुपारभर ते काम चाललं. मग बैलगाडी कर्जतला गेली. धाकलू स्टेशनापर्यंत गाडीमागून चालत गेला. मालडब्यात मूर्ती ठेवताना त्याने हमालांना दोनदा टोकलं आणि त्यांच्या शिव्या खाल्ल्या.

महिन्याभराने सखारामपंतांचं पत्र आलं. ते स्टेशनमास्तरांच्या कारकुनाने वाचून दाखवलं. मूर्ती पोचली होती, कुठेही टवका उडाला नव्हता. तिच्याशेजारी धाकलूने केलेले जोडे काचेखाली ठेवले होते आणि पाटीवर त्याचं नाव लिहिलं होतं. धाकलूने कारकुनाला ती ओळ पुन्हा वाचायला लावली.

पुढच्या चैत्राच्या सुरुवातीला एका सकाळी कोंडाजी पाटील त्याच्या छपरासमोर येऊन उभे राहिले. असे ते पूर्वी कधी आले नव्हते. मंगळी घाईने पदर सावरत आत गेली. धाकलू हातातली कातडं कापायची रापी ठेवून उठला.

"शिवेवरची जागा रिकामी हाय," पाटील म्हणाले. "बाया अजून तिथं दिवा लावत्यात. मी नको म्हनलं, तर म्हनत्यात, राजा गेला, वेताळ कशाला जाईल? गुरवानं नदीतला एक गोटा आनून शेंदूर लावलाय."

धाकलूने हात पुसले आणि शिवेकडे पाहिलं.

"पुनवेला जोडं लागतील."

"पाटील, मी त्या टायमाला..."

"तू काय म्हनलास त्ये मी आयकलंय," पाटील म्हणाले. "जोडं वाचवायला बोललास. गावाचं वाईट व्हावं म्हनून नाय बोललास. पन पुन्यांदा असं काय सुचलं तर आदी माज्याकडं ये."

"जी."

"मंग करशील?"

"करतो," धाकलू म्हणाला. "गोटा केवढा हाय?"

पाटलांनी हाताने माप दाखवलं. त्या गोट्याला पाय नव्हतेच, तेव्हा वहाणा केवढ्या करायच्या, यावर दोघांनी उभ्या उभ्या थोडा विचार केला आणि पूर्वीएवढ्याच कराव्यात असं ठरलं.

त्यानंतर बारा वर्षं धाकलू जिवंत होता. शेवटची तीन वर्षं त्याला जवळचं दिसेनासं झालं, तेव्हा वहाणा त्याचा भाचा गजा शिवू लागला आणि धाकलू बोट फिरवून टाके तपासू लागला. सखारामपंतांनी त्याला दोनदा मुंबईला बोलावलं. पहिल्यांदा मंगळीला ताप होता. दुसऱ्यांदा मुंबईत प्लेगची साथ चालू होती. तिसरं बोलावणं आलं नाही, कारण सखारामपंतच वारले. ती बातमी त्या कारकुनाने स्टेशनावर सांगितली तेव्हा धाकलू एका ड्रायव्हरच्या बुटाला तळवा ठोकत होता. उरलेले खिळे ठोकून त्याने बूट ड्रायव्हरच्या हातात दिला आणि त्या दिवशी दुकान लवकर आवरलं.